फावडंभर फेरोसिलिकॉन

क्विरिलाकाठ,
९ सप्टेंबर १९८६

दारो, माझ्या लाडक्या भाचे,

तुझा मामा अजून जमिनीवर उतरलेला नाही. रविवारी तुमच्या फाउंड्रीतून परतलो तो थेट भट्टीवर गेलो, आणि तेव्हापासून भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतोय. पाळीवरची माणसं मला बघून वाट बदलतात. बदलू देत. आयुष्यभर मी भट्टीचं तोंड फोडून फेरोसिलिकॉन बाहेर काढलं, थंड झालं की फोडून पोत्यात भरलं, पोती मालगाडीत चढवली. पोलादवाले ते नेतात, पोलादातला प्राणवायू ते ओढून घेतं आणि उकळतं पोलाद शांत होतं, एवढंच मला ठाऊक. पण माझ्या हाताने भरलेलं पोतं तुमच्या पुलासाठी भेट म्हणून आणायचं, आणि माझ्याच भाचीने तोलून दिलेलं फावडंभर फेरोसिलिकॉन तिच्याच क्रेनला टांगलेल्या लॅडलमधल्या वितळलेल्या बिडात टाकायचं, असा मान कुणा भट्टीवाल्याला मिळालाय का आजवर?

आणि त्यानंतर पेला उचलून मी जे बोललो, तो माझा पेला! खरं सांग, कसा झाला? लग्न असो की मयताचं जेवण, खोऱ्यात पेल्यांवर बोलणारा तमादा म्हणून मेजाच्या डोक्याशी मलाच बसवतात. पण या वेळची गोष्ट वेगळी होती. नव्या कायद्याने वाइन बंद, हातात तारखुनाच्या पाल्याचं हिरवं सरबत. वाइन असली की लोक मधेमधे पितात, तमादाला दम घेता येतो. सरबतासाठी कोण थांबणार? मग मी बोलतच राहिलो. पुलासाठी बोललो, पूल नव्हता तेव्हा नदीत गेलेल्यांसाठी बोललो, ज्या म्हाताऱ्या बेसारिओनने पुलाच्या कठड्याच्या जाळीच्या साच्यात द्राक्षाची वेल कोरली त्याच्या हातांसाठी बोललो. वरून फर्मान आलंय वेली तोडा, आणि हा बाबा पुलावर वेल चढवतो! मग तुझ्या आईवर आलो. क्रेनवाली नाझिब्रोला वर बसून डोळे पुसत होती. तू मागून हात हलवत होतीस तेही पाहिलं मी. तुला आणखी ऐकायचं होतं, म्हणून माझ्या बहिणीचा भाग मी वाढवला.

जाळी पुलावर कधी चढतेय ते कळव. तुझी मामी म्हणते, द्राक्षं तोडायला या वर्षी तरी ये. आमची वेल अजून उभी आहे. कुऱ्हाडवाले आले होते, मी दारात खुर्ची टाकून बसलो. ते परत गेले.

तुझा,
वार्लाम मामा


कुताईसी,
१५ सप्टेंबर

प्रिय मामा,

बातमी चांगली नाही, म्हणून आधी तीच लिहिते. तुमच्यासमोर ओतलेली जाळी वाया गेली. जाडजूड खांब ठीक आहेत, पण पानं आणि तणावे काचेसारखे झालेत. खिळ्यांसाठी भोकं पाडायला घेतली तर ड्रिलची पाती मोडली, बीड हललं नाही. बेसारिओनने हातोडीने हलकेच टिचकी मारली तर पान तुटून त्याच्या बुटावर पडलं. म्हाताऱ्याने ते उचललं. पान खिशात घालून घरी गेला.

आमच्या अपोलोन साहेबांनी खापर फोडायला जागा शोधलीसुद्धा. फाउंड्रीचे प्रमुख म्हणून त्यांनी तुमच्या कारखान्याला तक्रार धाडलीय, की फेरोसिलिकॉन निकृष्ट होतं. कागद तुमच्यापर्यंत येईलच. मामा, एक ऐका. कशावरही सही करू नका. कुणी प्रेमाने सांगितलं तरी नाही, दम दिला तरी नाही. कारण काय ते मी बघतेय.

पेल्याचं विचारलंत. बोललात छान. आईवरचं ऐकून मला रडू आलं, हे खरं आहे.

तुमची,
दारेजान


क्विरिलाकाठ,
२१ सप्टेंबर

दारेजान,

आज दारो म्हणवत नाही. रागात आहे.

मुख्य इंजिनियर तेन्गिझने मला बोलावलं. माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा, पण मान देऊन बोलतो. खुर्ची दिली, कॉफी दिली, मग कागद पुढे सरकवला. म्हणे, ‘वार्लाम काका, एवढं लिहून द्या की त्या पाळीला तुमच्या भट्टीचा माल बिघडला होता. प्रकरण मिटेल. वर्षअखेर मानाने निवृत्त व्हा, भट्टी दुसऱ्याला देऊ.’

मी म्हणालो, ‘बाळा, तू शाळेत जात होतास तेव्हापासून ती भट्टी माझ्या हाताखाली आहे. तिला जेवायला काय घालतात, तिला कधी खोकला येतो, ती कधी खोटं आजारपण काढते, सगळं मला माहीत आहे. त्या दिवशी ती ठणठणीत होती. तू तिला आजारी म्हणतोस, आणि वर मला सही करायला सांगतोस?’

कॉफी प्यायलो नाही. कॉफी न पिता उठलो, म्हणजे बघ.

त्याच दिवशी भट्टीतून काढलेलं एक ढेकूळ मी ठेवलं होतं. ते फोडून प्रयोगशाळेत नेलं, आणि तपासणारी बाई म्हणाली, चोख. मग बिघडलं कुठे? आणि मला एक सांग, त्या तक्रारीवर तुझी सही आहे का? फाउंड्रीची धातूतज्ज्ञ तू. तुझ्या सहीशिवाय असला कागद निघतो का? सही असेल तर द्राक्षं तोडायला येऊ नकोस. आणि नसेल तर मग गप्प का आहेस?

वार्लाम


कुताईसी,
२६ सप्टेंबर

मामा,

माझी सही नाही. मागितली होती. मी दिली नाही.

सोबत पुडीत दोन तुकडे आहेत, नीट बघा. साखरेसारखा पांढरा चमकतोय तो जाळीच्या पानाचा. करडा, मऊसर दिसतोय तो चुलीच्या दाराचा. तुम्ही सगळे पाहुणे जेवायला गेलात, तेव्हा मागे राहिलेल्यांनी दुसरी लॅडल भरली आणि चुलीची दारं ओतली. पोतं तेच, तुमचंच. ती दारं लोण्यासारखी भोकं पाडून घेतात. आता सांगा, तुमचा माल वाईट असता तर हे झालं असतं का?

हे दोन तुकडे मी अपोलोन साहेबांच्या मेजावर ठेवले. ते म्हणाले, ‘बाई, तुम्हाला कुणी विचारलं? जाळीला वेलीऐवजी सरळ सळया घालू, वरचेही खूश होतील. तक्रारीवर सही करा, नाहीतर उद्यापासून वाळूच्या अंगणात.’ मी म्हणाले, वाळू तर वाळू. सध्या साच्यांची वाळू चाळतेय. तिथल्या बायकांशी माझं चांगलं जमलंय, आणि साहेब तिकडून जातात तेव्हा आम्ही सगळ्या मिळून चाळण्या जरा जोरात हलवतो.

कारण मला कळलंय. पण ते तुम्हाला लिहिणार नाही. विचारू नका. एवढं समजा की दोष तुमच्या भट्टीचा नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

दारेजान


क्विरिलाकाठ,
२ ऑक्टोबर

दारो, माझ्या पोरी,

दोन्ही तुकडे खिडकीत ठेवलेत. दिवसभर बघत बसलो, आणि मग तुझ्या मामाच्या डोक्यात उजेड पडला. किती मूर्ख मी, तुझ्यावर चिडलो.

पोतं तेच. दुसऱ्या वेळी दारं चांगली निघाली, पहिल्या वेळी जाळी बिघडली. टाकलं मी, पण तोलून कुणी दिलं होतं? तू. तुझ्या हातून कमी तोललं गेलं, हो ना? मोठे पाहुणे, फोटोवाला, आपला मामा समोर, हात चुकला असेल. म्हणूनच तुला लिहवत नाही. म्हणूनच वाळू चाळायची शिक्षा मुकाट्याने घेतलीस.

अगं, चुकतं माणसाचं. तुझी आई असती तर तिने तुला जवळ घेतलं असतं. ती नाही, पण मी आहे. तुला अजून उभं आयुष्य काढायचंय, तुझ्या नावाला डाग नको. माझं काय, माझे केस भट्टीनेच पांढरे केले. तेन्गिझला मी निरोप धाडलाय, सोमवारी येऊन सही करतो म्हणून. माझा माल खराब होता असं लिहून देतो.

फक्त एक कर. भट्टी कुणाच्या हाती देतायत ते कळलं की मला सांगू नकोस.

तुझा मामा


कुताईसी,
४ ऑक्टोबर, शनिवार

मामा, सही करू नका!

हे पत्र बसवाल्या रामिनकडे देतेय. तुमच्या हातात दिल्याशिवाय गाडी पुढे नेणार नाही असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलंय.

माझा हात चुकला नव्हता. वजन बरोबर होतं. मी तुम्हाला वाचवायला गप्प बसले, आणि तुम्ही मला वाचवायला तुमची भट्टी द्यायला निघालात! आपल्या घराण्यात अक्कल कुणालाच वाटली गेली नाही का? तेव्हा आता ऐका. बसून वाचा, आणि मामींना जवळ बसवा.

पोलादात फेरोसिलिकॉन काय करतं ते तुम्हाला माहीत आहे. बिडात त्याचं काम वेगळं आहे. बीड साच्यात थिजताना त्यातला कार्बन मोकळा सुटला, तर ते करडं आणि मऊ होतं. अडकून राहिला, तर पांढरं आणि ठिसूळ. पातळ भाग झटकन थंड होतात म्हणून त्यांना धोका जास्त. अगदी शेवटी फावडंभर टाकलेलं तुमचं फेरोसिलिकॉन तो कार्बन सुटायला मदत करतं. पण त्याचा गुण टिकत नाही. मामी खारचोच्या रश्श्यात शेवटी लसूण ठेचून टाकतात ना, आणि लगेच वाढतात? झाकून ठेवला की वास गेला. तसंच आहे हे. टाकलं की ओतायचं. थांबायचं नाही.

आणि आपण थांबलो, मामा. तुम्ही फावडं टाकलंत आणि पेला उचललात.

मी हात हलवत होते ते आणखी ऐकायला नव्हे. ‘ओता, ओता’ म्हणून खुणावत होते. नाझिब्रोला रडत नव्हती. खाली लॅडल, वर ती, घामाने निथळत होती बिचारी. मी अपोलोन साहेबांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, ‘हलवू नका, फोटोत झळाळी छान येतेय.’ आणि तमादा बोलत असताना त्याचा शब्द तोडायचा नसतो, हे मला तुम्हीच मांडीवर बसवून शिकवलंय. तरीही मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुम्ही आईचं नाव घेतलंत. आईवर बोलणाऱ्या तुम्हाला मी कशी थांबवणार होते?

मी लेखी दिलंय की समारंभामुळे लॅडल थांबली. साहेब म्हणतात, कुणाच्या समारंभामुळे, नाव लिहा. ‘लिहा ना,’ म्हणून हसतात. त्यांना माहीत आहे की मी लिहिणार नाही. तुमचं नाव मी तुमच्या परवानगीशिवाय कुठल्याही कागदावर घालणार नाही. पण तुमच्या मालाला वाईट म्हणणारी सही तुम्ही केलीत, तर मात्र मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. हा माझा शब्द आहे आणि तो कुणी तोडू नये.

दारो


क्विरिलाकाठ,
६ ऑक्टोबर

दारो बाळा,

मी मामी. अक्षर वाईट आहे, चष्मा तुझ्या मामाच्या खिशात गेला.

रामिनने पत्र दिलं. मामाने उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे दिलं. काल रविवार, घरी पाहुणे होते. मेजावर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हा शेंगदाण्यांच्या वाटीकडे. एकही पेला बोलला नाही. शेजारच्या केतेवानने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, ‘पेलागिया, याला झटका आला का गं?’ मी म्हटलं, आलाय, पण डॉक्टरकडे न्यायचा नाही.

आज सकाळी लग्नातला कोट घालून गेला. कुठे ते सांगितलं नाही. दारातून मागे वळून मला म्हणाला, ‘मी खरंच एवढा वेळ बोलतो का?’ मी म्हटलं, ‘आपल्या लग्नात तू बोलायला उठलास तेव्हा माझी सासू जेवण पुन्हा गरम करायला गेली होती.’

गेला. मला काळजी वाटतेय. तुला त्याच्यावर राग नाही ना?

मामी


क्विरिलाकाठ,
८ ऑक्टोबर

दारो,

तर, मी सोमवारी तेन्गिझकडे गेलो. त्याने पेन पुढे केलं. मी माझ्या खिशातला कागद काढला. त्यावर रविवारीच लिहून ठेवलं होतं: ‘माल चोख होता. पेला लांबला. बोलणारा मी, वार्लाम. ज्याची फाउंड्री होती त्याने लॅडल ओतायला हवी होती, त्याने फोटो काढून घेतले.’ आणि खाली सही. मोठी.

तेन्गिझ आधी हसला, मग घाबरला. म्हणाला, ‘काका, हे देऊ नका. खोरंभर हसतील तुम्हाला. तुम्हाला पुन्हा कोण मेजावर बसवणार?’

मी म्हणालो, ‘माझ्या भट्टीला हसण्यापेक्षा माझ्या जिभेला हसू देत. जीभ माझी एकट्याची आहे. भट्टी आम्हा सगळ्यांची आहे.’

तो कागद ठेवून कुताईसीला गेलो. तुझ्या अपोलोनच्या खोलीत न विचारता शिरलो. त्याने मला बसायला सांगितलं नाही, मी बसलो. म्हणालो, ‘जाळी पुन्हा ओतायची. माझंच पोतं, बेसारिओनचीच वेल, माझीच भाची लॅडलजवळ. वाळूत नव्हे. आणि तक्रार परत घ्यायची, पण आधी नको. नव्या पानाला भोक पडू दे, मग घे. मला मेहेरबानी नको.’ तो म्हणाला, ‘आणि नाही ओतली तर?’ मी म्हणालो, ‘नोव्हेंबरात तुझ्या मुलीचं लग्न आहे. तमादा म्हणून तू मलाच बोलावलंयस. मानाची भेट म्हणून आधीच डुक्करसुद्धा पाठवलंस. पहिला पेला नवरीसाठी, दुसरा या जाळीसाठी. तू फोटोसाठी लॅडल कशी धरून ठेवलीस ते मी पाहुण्यांना सांगेन. आणि मी किती वेळ बोलतो ते तुला माहीत आहे.’

तारीख ठरली. सव्वीसला, रविवारी.

तू अंगणात वाळू चाळत होतीस. खिडकीतून दिसलीस. भेटलो नाही. बस चुकेल म्हणून, असं मी तुझ्या मामीला सांगितलं. तुला खरं सांगतो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. माझ्या बहिणीचं नाव घेऊन मी माझ्याच भाचीचं काम नासवलं, हे पचायला जड जातंय.

पण येणार. मीच फावडं टाकणार आणि मीच पेला उचलणार. लाजून घरी बसलो तर अपोलोन म्हणेल, बघा, याच्या मनातच खोट होती. जिथे चूक केली तिथेच उभा राहीन.

तुझा मामा


कुताईसी,
२७ ऑक्टोबर

प्रिय मामी,

तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही आला नाहीत. त्या गुडघ्याला मी कधी माफ करणार नाही. सगळं लिहिते.

काल पुन्हा तीच माणसं, तेच हिरवं सरबत. फक्त या वेळी गर्दी दुप्पट होती. मामांनी तेन्गिझकडे ठेवलेला कागद सगळ्या खोऱ्यात फिरलाय. लोक जाळी बघायला नव्हे, मामांना बघायला आले होते. दारातून आत येताना कुणीतरी मागून म्हणालं, ‘आज उशी आणलीय रे, निजायला.’ मामांनी वळून त्याला पाहिलं आणि म्हणाले, ‘उशी दे इकडे, माझा पेला टेकवायला लागेल.’ सगळे हसले. मामाही हसले, पण मी त्यांच्या मानेवर लाल पट्टा चढलेला पाहिला.

लॅडल भरली. मी तोलून दिलं, मामांनी फावडं रिकामं केलं. ठिणग्या उडाल्या. मामांनी पेला उचलला आणि सगळी फाउंड्री त्यांच्याकडे वळली. वर नाझिब्रोलाने कपाळावर हात मारला. अपोलोन साहेब पुढे आले, त्यांच्या हातात भाषणाचे कागद होते, चार-पाच तरी पानं. म्हणाले, ‘आज वार्लामला त्रास नको, दोन शब्द मीच बोलतो.’ आणि घसा खाकरला.

मामांनी हात आडवा केला. ‘अपोलोन, पेला माझ्या हातात आहे. मेज माझं आहे. तमादाचा शब्द कोण तोडतं?’ साहेब थांबले. थांबणं भागच होतं, सगळे बघत होते. मग मामांनी तो पेला माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाले, ‘या पेल्यावर बोलायचा माझा शब्द मी माझ्या भाचीला देतो. ती बोलेल ते शेवटचं.’

मामी, बाईला असा बोलायचा मान देताना मी आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. पेला हातात, समोर लॅडल उकळतेय, साहेबांचे कागद तसेच अर्धवट वर, आणि मामा माझ्याकडे बघतायत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पण मान ताठ होती. मी काहीच ठरवलं नव्हतं.

मी म्हणाले, ‘ओता!’

नाझिब्रोला जणू त्याच शब्दाची वाट बघत होती. लॅडल कलली, साचे भरले, बीड पानापानांत शिरलं. मी पेला एका घोटात संपवला. सरबत कोमट झालं होतं.

आज सकाळी साचे फोडले. बेसारिओनने पहिलं पान उचलून ड्रिलखाली धरलं. ड्रिल फिरलं आणि करडा चुरा खाली पडला, मिरपूड दळावी तसा. त्याने दुसऱ्या पानावर मुद्दाम जोरात हातोडी मारली, पान वाजलं, तुटलं नाही. मग त्याने खिशातून ते पहिलं, तुटलेलं पांढरं पान काढलं आणि अपोलोन साहेबांच्या हातात ठेवलं. साहेबांनी तक्रार परत घेतल्याचं तिथेच लिहिलं. तेन्गिझला फोन केला तर तो म्हणाला, भट्टी वार्लाम काकांचीच राहील, आणि काकांना सांगा, कॉफी प्यायला यावं.

मी उद्यापासून वाळूत नाही. पण वाळूवाल्या बायकांनी मला हातरुमाल दिलाय, तो मी डोक्याला बांधूनच साहेबांच्या खोलीपुढून जाणार आहे.

आता एक विनंती. रात्रीच्या जेवणासाठी मामांची वाट बघू नका. सगळं झाल्यावर मी त्यांना पेला भरून दिला आणि म्हटलं, ‘मामा, बीड आता थंड झालंय. बोला.’ ते पुलापासून सुरू झालेत. हे पत्र रामिनच्या बसने तुमच्याकडे पोचेल, तेव्हा ते कदाचित आईपर्यंत आलेले असतील. या वेळी मी मधे हात हलवणार नाही.

तुमची,
दारो